मनगटावरच्या घड्याळाची चाल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मनगटी घड्याळाच्या वेळेबद्दल इतकी पत्रं आली आहेत की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत एक गल्लत दिसते, ती आधी दूर करू. घड्याळ आत्ता किती पुढे किंवा मागे आहे तो झाला फरक. ते रोज किती पुढे किंवा मागे जातं ती त्याची चाल. काटे फिरवले की फरक जातो, चाल तशीच राहते. घड्याळाचा खरा गुण कळतो तो चाल किती स्थिर आहे यावरून. रोज न चुकता आठ सेकंद पुढे जाणारं घड्याळ भरवशाचं. आज दोन पुढे, उद्या नऊ मागे, परवा बरोबर, असं घड्याळ महाग असलं तरी त्याच्यात काहीतरी दुखणं आहे. खालची सगळी उत्तरं याच धाग्याने वाचावीत.

वडिलांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे, सतरा ज्वेल्सचं. रोज साधारण २५ सेकंद पुढे जातं. दुकानदार म्हणतो, ‘जुनं आहे, एवढं चालायचंच.’ खरंच चालायचं का?
निवृत्त शिक्षक, सातारा

आधी २५ सेकंद म्हणजे किती ते बघू. दिवसाचे सेकंद ८६,४००. एचएमटीच्या या जुन्या सतरा ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे) मशीनचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. तुमचं घड्याळ रोज १२५ ठोके जास्त देतंय. दर साडेतीन हजार ठोक्यांमागे जेमतेम एक. पन्नासएक वर्षांच्या, कायम हातात वापरलेल्या मशीनसाठी हे वाईट मुळीच नाही. आजही नव्याकोऱ्या साध्या ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) मशीनसाठी, उदाहरणार्थ सेइकोच्या ७एस२६ किंवा एनएच३५साठी, कंपनी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी मोकळीक ठेवते.

तरीही ‘चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. २५चा आकडा रोजचा आहे की सरासरीचा, हे आधी शोधा. सात दिवस रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्या आणि चावी देण्याआधी फरक लिहून ठेवा. रोजची वाढ २२ ते २८च्या आत राहिली तर मशीन निरोगी आहे. बॅलन्सच्या पुलावर एक बारीक दांडी असते, तिच्यापाशी अधिक-उणेच्या खुणा असतात. घड्याळजी ती केसभर सरकवेल आणि चाल पाच-सात सेकंदांवर येईल. पण एक दिवस १०, दुसऱ्या दिवशी ४५ असं निघालं तर दांडी सरकवून काही साधणार नाही. तेव्हा तेल वाळलं आहे, मेनस्प्रिंग (चावीने भरणारी मुख्य स्प्रिंग) थकली आहे किंवा एखाद्या पिव्हटला (चाकाच्या दांड्याच्या बारीक टोकाला) झीज आली आहे.

चावी देण्याची पद्धतही बघून घ्या, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. पूर्ण चावीवर स्प्रिंगचा जोर पहिले चोवीस तास बऱ्यापैकी सारखा असतो. त्यानंतर तो उतरतो, बॅलन्सचा झोका आखडतो आणि चाल बदलते. आज सकाळी सातला चावी दिली आणि उद्या रात्री दहाला आठवण झाली, तर शेवटचे पंधरा तास घड्याळ उतरत्या जोरावर चाललेलं असतं. म्हणून वेळ एकच ठेवा. चावी घड्याळ हातातून काढून द्या. मनगटावर असताना चावी, म्हणजे बाजूची फिरकी, तिरकी ओढली जाते आणि तिची दांडी व बूश झिजतात. अंगठा आणि तर्जनीत धरून, स्पष्ट अडथळा लागेपर्यंत फिरवा आणि थांबा. ‘पूर्ण चावी दिली की स्प्रिंग तुटते’ या भीतीने पुष्कळजण अर्धीच चावी देतात, आणि चाल बिघडते ती नेमकी त्यामुळे.

वेळ कशाशी लावायची? टीव्ही, मोबाइल आणि रेडिओचं ॲप, तिघांची वेळ वेगवेगळी दिसते.
गृहिणी, मिरज

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. टीव्हीवरच्या वृत्तवाहिनीचं घड्याळ स्टुडिओत बरोबर असतं, पण चित्र डिजिटल करून उपग्रहावरून तुमच्या सेट टॉप बॉक्सपर्यंत येईतो काही सेकंद उलटतात. इंटरनेटवरून येणाऱ्या रेडिओला त्याहून जास्त उशीर लागू शकतो, आणि तो दर वेळी वेगळा असतो. मोबाइलमध्ये वेळ आपोआप घेण्याची सोय चालू असेल तर बहुधा सेकंदाच्या आत बरोबर असते. सगळ्यांत खात्रीचा आधार म्हणजे नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. भारतीय प्रमाणवेळ तीच राखते आणि तिच्या संकेतस्थळावर ती सेकंदासकट दिसते.

चाल मोजायला मात्र संदर्भ अगदी अचूक नसला तरी चालतो, तो दोन्ही वेळा सारखाच चुकायला हवा. मोबाइल अर्धा सेकंद मागे असेल आणि आठवड्यानेही अर्धाच सेकंद मागे असेल, तर वजाबाकीत ती चूक निघून जाते. टीव्ही आणि रेडिओच्या ॲपवर विसंबता येत नाही ते याचसाठी, त्यांचा उशीर स्थिर नसतो.

मोजायचं असं. संगणकाच्या पडद्यावर प्रमाणवेळ उघडा, घड्याळ पडद्याला टेकवून धरा आणि दोन्ही एकाच चौकटीत येतील असा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. सेकंदकाटा बारावर येतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि पडद्यावरचा सेकंद वाचा. डोळ्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघण्यात जी चूक होते ती यात होत नाही. फरक लिहून ठेवा आणि घड्याळाला हात लावू नका. बरोबर सात दिवसांनी त्याच वेळी पुन्हा व्हिडिओ काढा. दोन फरकांची वजाबाकी भागिले सात, ही तुमची रोजची चाल. वाचताना अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी सातने भागल्यावर ती नगण्य होते. याच कारणाने एका दिवसाच्या मोजणीवर निर्णय घेऊ नये.

माझं ऑटोमॅटिक घड्याळ आठवडाभर रोज सहा-आठ सेकंद पुढे असतं. शनिवार-रविवार काढून ठेवलं की सोमवारी बंद असतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिला दिवस भलतीच चाल दाखवतं. दोष घड्याळात आहे का?
संगणक अभियंता, पुणे

दोष नाही, चावी कमी पडते. तुम्ही मशीन एनएच३५ असल्याचं लिहिलं आहे. त्याला पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास मिळतात. शुक्रवारी रात्री अकराला काढून ठेवलं तर रविवारी दुपारी चारपर्यंत ते चालेल, तेही स्प्रिंग पूर्ण भरलेली असेल तरच. दिवसभर कीबोर्डवर हात स्थिर ठेवून बसणाऱ्याच्या घड्याळात ती भरलेली नसते. आतला वजनाचा पंखा फिरतो तो हाताच्या मोठ्या हालचालींवर, बोटांच्या हालचालींवर नाही.

सोमवारी सकाळी दोन-चार वेळा झटकून घड्याळ हातात घालू नका. तसं केलं की ते तळाच्या चावीवर सुरू होतं, झोका अपुरा असतो आणि पहिला दिवस चाल वेडीवाकडी येते. एनएच३५ला हाताने चावी देता येते: ती न ओढता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश ३० फेरे द्या, मग वेळ लावा. ज्यांच्याकडे जुनं ७एस२६ मशीन आहे त्यांना ही सोय नाही, त्याची चावी फिरवून स्प्रिंग भरत नाही. ते आडवं धरून अर्धा-एक मिनिट सावकाश डावी-उजवीकडे हलवायचं आणि मग दिवसभर हातात ठेवायचं. वेळ लावताना तारखेकडे लक्ष असू द्या: घड्याळ रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये असताना तारीख झटपट बदलू नका, त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात.

आता रोजच्या सहा-आठ सेकंदांबद्दल. यावर झाकण न उघडता करण्यासारखा एक उपाय आहे, आणि यांत्रिक घड्याळ वापरणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत हवा. घड्याळ कुठल्या अंगावर आहे त्यानुसार त्याची चाल बदलते. तबकडी वर करून ठेवलं की बॅलन्सचा दांडा एका टोकावर टेकून फिरतो, घर्षण कमी, झोका मोठा. उभं धरलं की दांड्याच्या दोन्ही टोकांच्या कडा ज्वेलवर घासतात, झोका वीस-चाळीस अंशांनी कमी होतो आणि चाकातला किंचित असमतोलही जाणवू लागतो. डाव्या मनगटावर घड्याळ असताना हात खाली सोडला तर चावी जमिनीकडे असते. टेबलावर टंकताना तबकडी जवळजवळ वर. दिवसाची चाल या सगळ्या अवस्थांची गोळाबेरीज असते.

रात्रीचे आठ तास मात्र तुमच्या हातात आहेत. चार रात्री ही चाचणी करा. रोज रात्री दहाला थोडी चावी देऊन फरक लिहा, घड्याळ ठेवा, सकाळी सहाला पुन्हा लिहा. पहिल्या रात्री तबकडी वर, दुसऱ्या रात्री चावी वर, तिसऱ्या रात्री चावी खाली, चौथ्या रात्री तबकडी खाली. उभं ठेवायला पट्ट्याचा आधार नाहीतर दोन पुस्तकांची फट पुरते. समजा दिवसाच्या सोळा तासांत घड्याळ ४ सेकंद पुढे जातं, रात्री तबकडी वर ठेवल्यास आणखी ३ पुढे, पण चावी वर करून ठेवल्यास २ मागे. पहिल्या रीतीने रोजची चाल अधिक ७, दुसऱ्या रीतीने अधिक २. मशीन तेच, फक्त ठेवण्याची तऱ्हा बदलली. कुठल्या अवस्थेत घड्याळ मागे जाईल हे प्रत्येक नगाचं वेगळं असतं, मित्राच्या घड्याळाचं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

चांगलं चालणारं घड्याळ परवापासून अचानक दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलं. पडलं नाही, पाणी गेलं नाही.
बँक कर्मचारी, ठाणे

घड्याळ यांत्रिक असेल आणि एका रात्रीत काही मिनिटांनी पुढे पळू लागलं असेल, तर पहिला संशय लोहचुंबकाचा. बॅलन्सला जोडलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, झोका भराभर होतो आणि घड्याळ पुढे पळतं. घरात चुंबक कुठे असतात ते मोजून बघा: पर्सचं खटकन बंद होणारं बटण, टॅब्लेटचं आणि मोबाइलचं घडीचं कव्हर, मोबाइलच्या पाठीला चिकटणारा चार्जर, लॅपटॉपचे स्पीकर, फ्रिजच्या दाराची पट्टी. रात्री घड्याळ मोबाइलच्या कव्हरवर ठेवण्याची सवय हे तर नेहमीचं कारण.

‘अँटीमॅग्नेटिक’ लिहिलेलं असतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्यासाठीचं आयएसओ ७६४ हे मानक ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण ६० गाऊस, एवढ्या चुंबकीय क्षेत्रापुरतं आहे. कव्हरमधल्या छोट्या चुंबकाच्या अगदी पृष्ठभागाशी याच्या कितीतरी पट क्षेत्र असतं. दिलासा एवढाच की अंतर वाढलं की ते झपाट्याने उतरतं. पाच-सात सेंटिमीटर दूर ठेवलं तरी बहुतेक घरगुती चुंबकांपासून घड्याळ सुरक्षित राहतं.

खात्री करायला शाळेच्या कंपासपेटीतला कंपास नव्हे, सुईचं साधं होकायंत्र घ्या. ते टेबलावर ठेवा, सुई स्थिर होऊ द्या, घड्याळ सुईच्या शेजारी सावकाश आणा आणि जागच्या जागी गोल फिरवा. आत पोलादी भाग असतात, त्यामुळे सुई थोडी ओढली गेली तर काळजीचं कारण नाही. घड्याळ फिरवताना सुई त्याच्याबरोबर डोलू लागली, एकदा ओढली आणि एकदा ढकलली गेली, तर घड्याळ चुंबकीय झालेलं आहे.

उपाय स्वस्त आहे. घड्याळजीकडे डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारं उपकरण) असतो, काम मिनिटभराचं. पण ते कसं करतात याकडे लक्ष द्या. विजेवरच्या साध्या पेटीवर घड्याळ टेकवायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, सावकाश, हातभर दूर न्यायचं. मगच बटण सोडायचं. घड्याळ पेटीवर असतानाच बटण सुटलं तर त्या क्षणीचं क्षेत्र त्यात तसंच राहतं आणि ते होतं त्याहून जास्त चुंबकीय होऊ शकतं. एकदा करून चाल मोजा, फरक न पडल्यास घड्याळ पाव फेरा वळवून पुन्हा करा. होकायंत्राची सुई हललीच नाही आणि तरी घड्याळ मिनिटांनी पळत असेल, तर हेअरस्प्रिंगवर तेलाचा ओघळ गेला असेल किंवा धक्क्याने वेढे गुंतले असतील. ते काम उघडूनच करावं लागतं.

सेलच्या घड्याळाचं वागणं वेगळं असतं. चुंबक जवळ असेपर्यंत त्याची मोटर अडू शकते आणि तेवढा वेळ काटे थांबतात. चुंबक दूर केला की ते नीट चालू लागतं, वेळ तेवढी पुन्हा लावायची. ते डीमॅग्नेटायझरवर ठेवू नका.

माझ्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा खुणेवर न पडता दोन खुणांच्या मध्ये पडतो. घड्याळ चुकतं आहे का?
महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

नाही. काटा बसवताना राहिलेला किंचित तिरकेपणा किंवा दात्यांमधली मोकळीक, एवढंच त्याचं कारण. काटा एका बाजूला खुणेवर आणि दुसऱ्या बाजूला खुणेच्या पुढे पडत असेल तर तबकडी केसभर सरकलेली असते. दिसायला खटकतं, वेळेला काही होत नाही.

सेल बदलून आणल्यापासून घड्याळ आठवड्याला दोन-तीन मिनिटं मागे पडतं. नवा सेलही खराब निघू शकतो का?
नोकरदार, डोंबिवली

निघू शकतो, पण आधी स्फटिकाला दोषमुक्त करू. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. आतलं सर्किट तो पंधरा वेळा निम्मा करतं आणि दर सेकंदाला एक ठोका मोटरला देतं. साध्या क्वार्ट्झची कबूल केलेली चूक महिन्याला १५ ते २० सेकंद असते. स्फटिक थोडा बिघडला तरी आठवड्याला मिनिटं जात नाहीत. मिनिटं जातात तेव्हा सर्किट ठोका देतं, पण मोटर काटा हलवू शकत नाही. ठोके वाया जातात.

म्हणून शोध काट्यांच्या वाटेत घ्यायचा. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरतो का ते भिंगातून पाहा. सेल बदलताना झाकण उघडल्यावर आत गेलेला कापडाचा एक तंतू दात्यात अडकला तरी पुरतं. जुन्या घड्याळात तेल घट्ट होतं. काच बदललेली असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासतात. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊला आणि सकाळी सहाला वेळ तपासा. सगळी घट रात्रीच होत असेल तर तारखेची चकती ओढताना मोटर कमी पडते आहे. चावी पूर्ण आत बसली आहे ना हेही बघा, ती अर्धवट बाहेर राहिली तर काटे अधूनमधून थांबतात.

आता सेल. तुमच्या घड्याळातल्या सेलचा क्रमांक एसआर६२६एसडब्ल्यू, म्हणजेच ३७७. हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल, १.५५ व्होल्टचा, आणि संपत येईपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच ठेवणारा. त्याच मापाचा, ६.८ बाय २.६ मिलिमीटरचा, एजी४ किंवा एलआर६२६ नावाचा अल्कलाइन सेल पुष्कळ ठिकाणी बसवून दिला जातो. तो स्वस्त असतो, त्याचा दाब वापराबरोबर घसरत जातो, तो लवकर संपतो आणि गळण्याचा धोकाही जास्त. गळलेल्या सेलने मशीनच वाया जातं. दुकानात सेल समोर पाकिटातून काढायला सांगा आणि पाकिटावर ‘एसआर’ वाचा. सेल प्लास्टिकच्या चिमट्याने बसवावा, लोखंडी चिमट्याने दोन्ही ध्रुव जोडले जातात. झाकणाचं रबरी कडं सपाट झालं असेल तर त्याच वेळी बदलून घ्या. आपल्याकडचा पावसाळा, त्यातही कोकणातला, सुकलेल्या कड्यातून दमट हवा आत नेतोच.

सेकंदकाटा दर दोन सेकंदांनी दोन घरं उडी मारू लागला तर तो बिघाड समजू नका. सेल संपत आल्याची ती सूचना आहे. तेव्हा वेळ बरोबरच असते, पण सेल पंधरवडाभर तसाच ठेवू नका. सौर घड्याळ असं करू लागलं तर त्याला उजेड हवा आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात क्वार्ट्झ घड्याळ मागे पडतं असं मला वाटतं. हा भास आहे का?
वाहनचालक, नागपूर

भास नाही. घड्याळातला स्फटिक साधारण २५ अंश सेल्सियसला सर्वांत वेगाने कंप पावतो. त्याहून तापला तरी मंदावतो आणि गारठला तरी मंदावतो. घट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होते: तापमानाचं अंतर दुप्पट झालं की घट चौपट. पाच अंशांच्या फरकाने दिवसाला सेकंदाचा दहावा हिस्साही जात नाही. वीस अंशांच्या फरकाने, म्हणजे ४५ अंशांच्या बंद खोलीत, दिवसाला सुमारे सव्वा सेकंद जातो. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ६५ अंश झाले तर तेवढ्या तापमानाला दिवसाला पावणेपाच सेकंदांची चाल होते. दुपारचे पाच तास रोज तिथे राहिलं तर रोज सेकंदभर, महिन्याला अर्धं मिनिट.

मनगट इथे घड्याळाचा मित्र आहे. त्वचेला टेकलेलं घड्याळ बारा महिने तिशीच्या आसपास राहतं, आणि कारखान्यातलं जुळवणं तो वापर धरूनच केलेलं असतं. घड्याळ हातातच ठेवा, डॅशबोर्डवर काढून ठेवू नका. गरम जागेत सेल गळण्याचीही भीती असते. तापमान मोजून चूक भरून काढणारी क्वार्ट्झ मशीनं आहेत, उदाहरणार्थ ग्रँड सेइकोचं ९एफ, वर्षाला १० सेकंदांच्या आत राहणारं. पण त्यांची किंमत वेगळ्याच पायरीवर आहे.

मुलाने जर्मनीहून रेडिओवर वेळ लावणारं घड्याळ आणलं. इथे ते सिग्नल घेत नाही. बिघडलं का?
ज्येष्ठ नागरिक, कोथरूड, पुणे

घड्याळ ठीक आहे, सिग्नल इथे पोचत नाही. ते फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथल्या डीसीएफ७७ केंद्राची ७७.५ किलोहर्ट्झची लहर ऐकतं. तिचा पल्ला दोन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि पुणे तिथून त्याच्या तिपटीहून दूर. जपान, अमेरिका, ब्रिटन आणि चीनमध्ये अशी केंद्रं आहेत. भारतात मनगटी घड्याळांना वेळ देणारं असं केंद्र नाही. तेव्हा इथे ते साधं क्वार्ट्झ म्हणून चालेल, महिन्याला पंधरा सेकंद इकडेतिकडे. रोज रात्री सिग्नल शोधण्यात सेल खर्च होतो, ती सोय बंद करता येत असेल तर करा. जागतिक प्रमाणवेळेपासूनचा साडेपाच तासांचा फरक लावता येतो का तेही पुस्तिकेत बघा, युरोपपुरत्या बनवलेल्या काही घड्याळांत तो नसतो. ज्यांना आपोआप लागणारी वेळ हवी आहे त्यांनी उपग्रहावरून किंवा ब्लूटूथने मोबाइलवरून वेळ घेणारं घड्याळ घ्यावं, ते भारतात व्यवस्थित चालतं.

घड्याळजीने चाल मोजण्याच्या यंत्रावर लावून आकडे लिहून दिले: अधिक १२, २१४ अंश, २.१. तो म्हणतो, फक्त चाल जुळवून देतो. घेऊ का जुळवून?
वकील, कोल्हापूर

थांबा. पहिला आकडा चालीचा, दिवसाला १२ सेकंद पुढे, आणि तिघांत तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. दुसरा बॅलन्सचा झोका, मधल्या बिंदूपासून एका बाजूला किती अंश जातो तो. पूर्ण चावी आणि तबकडी वर असताना निरोगी मशीनमध्ये तो २७० ते ३१०च्या दरम्यान असतो. तिसरा टिक आणि टॉकमधली विषमता, मिलिसेकंदांत. ती एकच्या आत असावी. २.१ असेल तर थांबलेलं घड्याळ सुरू व्हायला कुरकुर करतं.

२१४ अंशांवर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा. मोजताना पूर्ण चावी होती का? आणि यंत्रात ‘लिफ्ट अँगल’, म्हणजे त्या जातीच्या मशीनचा ठरलेला कोन, कोणता घातला होता? हे यंत्र नुसतं ऐकतं, झोका ते त्या कोनावरून काढतं. बहुतेक यंत्रांत तो आधीपासून ५२ असतो. ईटीए २८२४ मशीनला ५०, एनएच३५ला ५३, मियोटा ८२१५ला ४९ हवा. कोन चुकीचा असेल तर झोका दहा-वीस अंशांनी चुकीचा दिसतो. चालीचा आकडा मात्र त्याने बदलत नाही.

दोन्ही उत्तरं नीट आली आणि तरीही २१४ असेल, तर मशीन कोरडं पडलं आहे. त्याला सफाई आणि तेल हवं. कोरड्या मशीनची दांडी सरकवली तर आज यंत्रावर शून्य दिसेल आणि आठवड्याभरात चाल पुन्हा भरकटेल, कारण झोका रोज थोडा घटत राहणार. साधारण चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतंच.

सर्व्हिसिंगनंतर घड्याळ घेताना निदान तीन अवस्थांचे आकडे मागा: तबकडी वर, चावी खाली, चावी वर. शक्य असेल तर चोवीस तास चावी न देता पुन्हा मोजायला सांगा, तेव्हा तबकडी वर झोका २२०च्या खाली जाऊ नये. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या स्विस क्रोनोमीटर मशीनचीही अशीच तपासणी होते: १५ दिवस, पाच अवस्था, ८, २३ आणि ३८ अंश अशी तीन तापमानं, आणि सरासरी चाल उणे ४ ते अधिक ६च्या आत. तीसुद्धा मशीन केसमध्ये बसवण्याआधी. तुमच्या मनगटावर तोच आकडा येईल अशी ती हमी नाही.

आणि घड्याळजीला चाल नेमकी शून्यावर आणायला सांगू नका. हातात असताना दिवसाला तीन ते पाच सेकंद पुढे राहील असं जुळवून मागा. चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत असेल तर पुढे गेलेलं घड्याळ दुरुस्त करणं सोपं जातं: आठवड्याचे तीस सेकंद साचले की काटा बारावर येताच चावी ओढा, तीस सेकंद थांबा, दाबा. मिनिटकाट्याला हातही लावावा लागत नाही. मागे पडलेल्या घड्याळाला मात्र मिनिटकाटा पुढे नेऊन सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.